चाचणीत जागा नाही, मग ते औषध मागायचं कुणाकडे?

मिरजेची_सुमेधा

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, लिहिते क्वचित. आज गरज पडली म्हणून धागा काढते आहे.

माझा थोरला भाऊ, वय ५४, एसटीच्या आगारात मेकॅनिक. कावीळ उतरत नाही म्हणून दाखवायला गेलो आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. यकृतात दोन गाठी तेव्हाच होत्या. आधी फॉल्फिरिनॉक्स नावाची केमो झाली. घरात आम्ही त्याला 'मोठं सलाइन' म्हणायचो, कारण दोन दिवस कमरेला पंपाची बाटली लावून घरी यायचं आणि तिसऱ्या दिवशी काढायला परत जायचं. मग जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही दुसरी केमो. आता तेही लागू पडत नाही.

गाठीच्या तपासणीत केआरएएस जनुकातला बदल सापडला आहे. त्यावरच्या एका गोळीची चाचणी मुंबईत चालू होती. नाव नोंदवलं, कागद दिले, रात्रीची गाडी पकडून गेलो. तपासणीच्या दिवशी बिलिरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा आकडा, आलं ६.२. पित्तनळीत बसवलेला स्टेंट, म्हणजे पित्त वाहतं ठेवणारी छोटी नळी, तुंबला होता. समन्वयक मुलगी फार चांगली होती हो, पण म्हणाली, "निकषात बसत नाही." स्टेंट बदलेपर्यंत जागा भरल्या.

माझे दोन प्रश्न. चाचणीबाहेर अशी गोळी मागता येते का, आणि कुणाकडे? दुसरा जास्त अवघड आहे. हे सगळं मी दादाला न सांगता चालवलं आहे. आधी सांगावं की हाती काही लागल्यावर?

पाऊलवाट

सुमेधाताई, वाचून पोटात कालवलं. मला यातलं काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितो.

नंदिनी_एडिसन

सुमेधा, मी न्यू जर्सीहून लिहिते आहे. माझ्या नवऱ्यासाठी आम्ही हे केलं होतं, पाच वर्षांपूर्वी. त्याचा आजार वेगळा होता, पित्तनलिकेचा.

इथे याला एक्स्पांडेड ॲक्सेस म्हणतात. लोकांना वाटतं एफडीए, म्हणजे इथली औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था, आडवी येते. ती येत नाही. तिच्याकडे जे अर्ज पोचतात त्यातले शंभरातले नव्याण्णवहून जास्त ती मंजूर करते. एका रुग्णासाठीचा ३९२६ नंबरचा अर्ज दोन पानांचा आहे, २०१६ पासून. तातडी असेल तर फोनवर परवानगी मिळते. २०१९ पासून कॅन्सरच्या डॉक्टरांना या अर्जात मदत करायला एफडीएने वेगळी फोनलाइनही काढली आहे.

अडतं ते त्याच्या आधी. कंपनीने "आम्ही औषध देऊ" असं पत्र दिल्याशिवाय अर्जच करता येत नाही, आणि कंपनीला औषध द्यायला भाग पाडायचा अधिकार कुणालाही नाही. आमच्या डॉक्टरांनी पहिल्या कंपनीला लिहिलं, तिने सहा ओळींत नकार पाठवला. दुसरीने दिलं. रुग्णालयाच्या नैतिकता समितीच्या अध्यक्षांची सही व्हायला दोन दिवस लागले. औषध फुकट होतं. स्कॅन, रक्ततपासण्या, दवाखान्यात बसायच्या खुर्चीचे पैसे मात्र आमचे.

एक सांगते, ते आधी कुणी मला सांगितलं नव्हतं. कंपनीला पत्र डॉक्टरांनीच लिहायचं असतं. मी स्वतः रात्र रात्र जागून चार कंपन्यांना मेल केले होते आणि प्रत्येकीचं तेच उत्तर आलं, "तुमच्या डॉक्टरांना संपर्क करायला सांगा." तीन आठवडे गेले त्यात.

त्याला त्या औषधावर पाच महिने मिळाले. त्यातले साडेतीन चांगले. मुलाच्या ग्रॅज्युएशनला तो स्वतः गाडी चालवत गेला. मी पुन्हा हेच करीन.

औषधवाला

पुण्यात चाचण्यांच्या कामात चौदा वर्षं आहे. कंपनीचं नाव घेणार नाही, पण टेबलाच्या त्या बाजूने हे अर्ज पाहिले आहेत.

आधी भारतातलं. तुमचं औषध कोणत्या पायरीवर आहे ते पाहायचं, रस्ता त्यावर ठरतो. परदेशात मान्यता मिळालेलं, पण इथे विक्रीला नसलेलं औषध असेल तर काम त्या मानाने सोपं. रुग्णाच्या नावाने १२अ नमुन्यात अर्ज करायचा, १२ब चा परवाना मिळतो. शंभर सरासरी डोसांपर्यंत मागवता येतं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या सुगम पोर्टलवर होतं सगळं. सरकारी रुग्णालयाला स्वतः आणायचं असेल तर २०१९ च्या नव्या नियमांतला सीटी-२४ हा अर्ज.

कुठेच मान्यता नसलेलं, नुसतं चाचणीत असलेलं औषध ही वेगळी गोष्ट. त्यासाठी २०२० च्या जूनमध्ये त्याच नियमांत दुरुस्ती झाली. इथे किंवा दुसऱ्या कुठल्या देशात चाचणीच्या तिसऱ्या, म्हणजे मान्यतेआधीच्या शेवटच्या टप्प्यात असलेलं औषध जिवावरच्या दुखण्यात, दुसरा इलाज उरला नसेल तर, रुग्णालयाला कंपॅशनेट यूज म्हणून मागवता येतं. अर्ज रुग्णालयाचा, नातेवाइकांचा नाही. नैतिकता समिती आलीच. ताई, तुमच्या वर्णनावरून तुमचा रस्ता हा.

आता कंपन्या नाही का म्हणतात. लोकांना वाटतं पैशासाठी. कधी कधी असेल. पण मी पाहिलेलं सगळ्यात साधं कारण म्हणजे गोळ्याच नसतात. या टप्प्यावर कारखाना पूर्ण चालू नसतो, ठरावीक बॅच निघते आणि तिची एकेक बाटली चाचणीतल्या माणसाच्या नावावर लिहिलेली असते. दुसरं, चाचणीबाहेर सहज मिळायला लागलं तर चाचणीत कोण येईल? तिथे तर निम्म्यांना जुनंच औषध मिळतं. तिसरी भीती, फार आजारी माणसाला दिलं, त्याला काही झालं, तर औषधावर डाग बसेल. यातली तिसरी भीती मला स्वतःला फुगवलेली वाटते. अशा अर्जांतल्या दुष्परिणामांमुळे एफडीएने औषध अडवल्याची उदाहरणं जवळपास नाहीतच.

रोखठोक

औषधवाला, नियम छान समजावलेत, पण माणूस मरणाच्या दारात उभा असताना नमुना १२अ की २४ हे विचारायचं म्हणजे काय? ज्याच्या जिवाचं आहे त्याला ठरवू द्या.

अमेरिकेत ॲबिगेल बरोज नावाची मुलगी होती. एकवीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. डोक्या-मानेचा कॅन्सर. तिच्या गाठीवर ज्या प्रकारचा रिसेप्टर होता त्यावरची दोन औषधं तेव्हा चाचणीत होती. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, वडिलांनी जंग जंग पछाडलं, चाचणीत बसली नाही आणि बाहेरून मिळालं नाही. २००१ च्या जूनमध्ये गेली. त्यातलं सेटुक्सिमॅब २००६ साली नेमकं डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. वडिलांनी तिच्या नावाने संस्था काढून सरकारला कोर्टात खेचलं. २००६ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे जिंकले, २००७ मध्ये पूर्ण पीठापुढे हरले, २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऐकायलाच नकार दिला.

आता त्या बापाला सांगा नियम.

औषधवाला

रोखठोक, त्या बापापुढे मी मान खाली घालूनच उभा राहीन. पण पुढचंही पाहा. त्याच चळवळीतून ३० मे २०१८ ला तिथे राइट टू ट्राय कायदा झाला. पहिला टप्पा पार केलेलं औषध एफडीएला न विचारता मागा. मोठा गाजावाजा झाला. पण त्या कायद्यातही कंपनीने दिलंच पाहिजे असं एक अक्षर नाही. जो दरवाजा उघडाच होता त्याचं कुलूप त्यांनी काढलं. बंद होता तो दुसरा.

नागपूरची_डॉक्टर

रोखठोक यांचा राग मला पटतो आणि तरी मी विरुद्ध बाजूने लिहिते आहे, कारण मी कॅन्सरच्याच वॉर्डात काम करते.

१९९० च्या सुमारास पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी एक उपचार फार चर्चेत होता. केमोचा प्रचंड मोठा डोस द्यायचा, त्याने अस्थिमज्जा जळून जाते, मग आधी काढून ठेवलेली स्वतःची मज्जा परत चढवायची. ऐकायला पटतं ना? कमीने गाठ आटते तर जास्तीने संपेल. कॅलिफोर्नियातल्या नेलीन फॉक्स यांच्या विमा कंपनीने हा उपचार प्रायोगिक आहे म्हणून पैसे नाकारले. कुटुंबाने लोकांकडून पैसे उभे करून उपचार केला, त्या १९९३ मध्ये गेल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ज्युरीने विमा कंपनीला ८ कोटी ९० लाख डॉलरचा दणका दिला. त्यानंतर विमा कंपन्या निमूट पैसे देऊ लागल्या. हजारो बायकांनी तो उपचार घेतला.

बाहेर सरसकट मिळतोय म्हटल्यावर चाचणीत यायला कुणी तयार होईना. उत्तर मिळायला १९९९ उजाडलं. साध्या केमोपेक्षा फायदा नाही. एकच दक्षिण आफ्रिकेतला अभ्यास फायदा दाखवत होता आणि पुढच्या वर्षी तो खोटा निघाला. मधल्या वर्षांत त्या बायका महिना महिना काचेच्या खोलीत होत्या, तोंड सोललेलं, मुलांना हात लावायची बंदी. काही तर उपचारानेच गेल्या.

म्हणून "गमावण्यासारखं काय आहे" हे वाक्य मी वॉर्डात कुणाला बोलू देत नाही. गमावण्यासारखे दिवस असतात, चांगले दिवस.

रोखठोक

डॉक्टर, हे मला माहीत नव्हतं. रागाचा भर थोडा उतरला. पण मग सुमेधाताईंनी मागायचंच नाही का?

नागपूरची_डॉक्टर

मागायचं! मी तसं कुठे म्हटलं? केआरएएस ही काही हवेतली गोष्ट नाही. १९८२ पासून हे जनुक माणसाच्या कॅन्सरमध्ये माहीत आहे, स्वादुपिंडाच्या दहातल्या नऊ रुग्णांत ते बिघडलेलं असतं. पण त्याच्या प्रथिनाला औषध धरायला खाचच सापडत नव्हती. त्यावरचं पहिलं औषध, सोटोरासिब, मंजूर व्हायला २०२१ चा मे महिना लागला, तेही फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी आणि एकाच प्रकारच्या बदलावर. त्यामुळे ताई, अहवालात केआरएएस पुढे नेमकं काय लिहिलंय ते बघा. जी१२डी, जी१२व्ही, जी१२सी, जे असेल ते. ती तीन-चार अक्षरं पहिल्या ओळीत नसतील तर कंपनीतला माणूस पत्र पुढे वाचणार नाही.

श्रद्धा_सबुरी

माझ्या मामांना जर्दाळूच्या कडू बियांनी फरक पडला होता. जीवनसत्त्व बी-१७. औषध कंपन्या हे दाबून ठेवतात. ताईंना पत्ता हवा असेल तर कळवते.

नागपूरची_डॉक्टर

श्रद्धाताई, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण ते जीवनसत्त्व नाही. लेट्रिल म्हणतात त्याला आणि पोटात त्यातून सायनाइड सुटतं. दाबून ठेवलं म्हणाल तर अमेरिकेत ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. १९७९ साली कोर्टाने सांगितलं की मरणासन्न रुग्णालाही सुरक्षित आणि गुणकारी औषधाचा नियम लागू आहे. तरी लोकांचं समाधान व्हावं म्हणून १७८ रुग्णांवर चाचणी केली, १९८२ मध्ये निकाल आला. गाठी वाढतच गेल्या. सुमेधाताईंच्या भावाचं यकृत आधीच दमलेलं आहे, कृपा करून नको.

संपादक

जर्दाळूचा विषय इथेच थांबवूया. हवा असेल तर वेगळा धागा काढावा.

ठाणेकर_बाबू

महत्त्वाचं, म्हणून मध्येच लिहितो. असे प्रश्न विचारले की व्हॉट्सॲपवर माणसं येतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आला होता एक. "बांगलादेशहून आणून देतो, बिल नाही, निम्मे पैसे आधी." डबा दाखवला व्हिडिओ कॉलवर, चकचकीत. आम्ही अठ्ठ्याऐंशी हजार दिले. गोळ्या आल्या, पट्टीवर बॅच नंबर होता, डब्यावर दुसराच. आमच्या डॉक्टरांनी डबा हातात घेऊन फक्त माझ्याकडे पाहिलं. तिथेच मी खाली बसलो.

मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी टोळी पकडली होती ती आठवते का? महागड्या इम्युनोथेरपीच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या आणि त्यात बुरशीवरचं स्वस्त औषध भरून विकायचं. इंजेक्शनची बाटली रिकामी झाली की ती तुमच्यासमोर मोडायला सांगा. लाजू नका.

औषधवाला

बाबू, +१. मान्यता न मिळालेलं औषध कंपनीने दिलं तर ते बहुधा फुकट असतं आणि थेट रुग्णालयाच्या औषध विभागात येतं. कुणी मधला माणूस घरपोच म्हणाला की समजायचं.

पणजीकर

मीही दोन ओळी लिहितो, वेगळ्या सुराच्या. माझ्या बायकोला २००३ मध्ये रक्ताचा कॅन्सर झाला, सीएमएल. तेव्हा ग्लिव्हेक ही गोळी नवी होती आणि तिचा महिन्याचा खर्च माझ्या वर्षाच्या पगाराएवढा. कंपनीच्या मदत योजनेतून फुकट मिळाली. दर काही महिन्यांनी मुंबईला जायचं, सही करायची, डबे मोजून घ्यायचे. आज ती नातवाला सुसेगाद झोपायला शिकवते आणि स्वतः आधी झोपते.

पण सांगायचं आहे ते याच्या आधीचं. १९९९ मध्ये ही गोळी चाचणीत होती आणि कंपनीकडे पुरेसा साठाच नव्हता, अगदी औषधवाला म्हणतात तसं. कॅनडातली एक रुग्ण, सुझन मॅकनमारा, हिने इंटरनेटवर तीन हजारांहून जास्त सह्या गोळा करून कंपनीच्या प्रमुखाला पाठवल्या. कंपनीने उत्पादन वाढवलं. तिलाही चाचणीत जागा मिळाली. मे २००१ मध्ये गोळी मंजूर झाली. एकट्याचं पत्र कचऱ्यात जातं, तीन हजारांचं जात नाही. स्वादुपिंडाच्या रुग्णांच्या घरच्यांनी आपल्याकडे असं एकत्र का येऊ नये?

पाऊलवाट

पणजीकर काका, नातवाचं वाचून बरं वाटलं. वहिनींना नमस्कार.

नंदिनी_एडिसन

पणजीकर, एक अडचण आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये सह्या गोळा करणारी माणसंच टिकत नाहीत. वेळच मिळत नाही हो.

शांतिवन

मी वेदनाशामक उपचारांच्या विभागात परिचारिका आहे. सुमेधाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कुणी वळलं नाही.

ताई, दादांना सांगा. आजच. तुम्ही गोळी मिळवाल, परवानगी मिळवाल, आणि मुंबईत राहून दर आठवड्याला रक्त द्यायला जायचं असेल ते त्यांनी. माझ्याकडे एक काका आले होते, मुलाने असंच सगळं जुळवून आणलं होतं. काका म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी शेतावर गेलो असतो." मुलगा दाराशी उभा राहून रडत होता. उलटही पाहिलंय. पोरं म्हणतात बाबांना आता त्रास नको, आणि बाबा एकटे असताना मला हळूच विचारतात, "सिस्टर, काही नवीन आलंय का हो?"

आणि दुखणं थांबवायचे उपचार सोबतच सुरू करा, नंतर नाही. आमच्याकडे पाठवलं की लोकांना वाटतं डॉक्टरांनी हात टेकले. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना सुरुवातीपासून असे उपचार दिले, तर ते सरासरी ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. आणि शेवटच्या दिवसांत कमी आक्रमक उपचार घेऊन. पोटात दुखत असेल तर मॉर्फिन मागा. माणूस हिंडताफिरता राहिला तरच तो कुठल्याही चाचणीच्या निकषात बसतो.

औषधवाला

हे शेवटचं वाक्य अगदी खरं. दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ रुग्ण अंथरुणात आहे असं डॉक्टरांना लिहावं लागलं की बहुतेक दारं बंद होतात. ताई, वजन आणि बिलिरुबिन, या दोन आकड्यांवर सध्या सगळं लक्ष द्या.

आणि चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, दर सोमवारी उघडून पाहा. २००९ च्या जूनपासून भारतातली प्रत्येक चाचणी तिथे नोंदवावीच लागते. कुठल्या शहरात, कुठल्या रुग्णालयात, भरती चालू आहे की बंद, सगळं असतं. चाचणीबाहेर मागण्यापेक्षा दुसऱ्या चाचणीत बसणं नेहमी सोपं. तिथे साठा असतो, देखरेख असते, विमा असतो.

मिरजेची_सुमेधा

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा. रोज वाचत होते.

शांतिवनताई, तुमचा प्रतिसाद वाचला त्याच रात्री दादाला सांगितलं. तो गच्चीवर बसला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे पार्ट अजून कंपनीतनं सुटला नाही, आणि तू सँपल पीस मागतीयस." मग बराच वेळ गप्प. मग विचारलं, "मुंबईत किती दिवस?" मला वाटलं होतं तो किती दिवस जगेन असं विचारेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. औषधवाला आणि नंदिनीताईंच्या प्रतिसादांची छपाई करून नेली होती, भीत भीत. डॉक्टरांनी वाचली. म्हणाले, मी असं पत्र आजवर लिहिलेलं नाही, पण लिहितो. बदल जी१२डी आहे, तो पहिल्या ओळीत टाकला. आधीचे उपचार तारखांसह, शेवटचा सीटी, रक्ताचे आकडे. दीड पान झालं. त्यांनी स्वतःच्या मेलवरून पाठवलं.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. तूर्त भारतासाठी चाचणीबाहेर औषध द्यायची सोय नाही. सभ्य भाषेत, पण नाहीच. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दादाला दाखवलं तर म्हणाला, "विचारलं ना, झालं."

पण नवा स्टेंट धरला आहे. बिलिरुबिन परवा १.३ आलं. वजन दीड किलो वाढलं, दुखणं मॉर्फिनच्या गोळ्यांवर आटोक्यात आहे, तो रोज आगारापर्यंत चालत जाऊन चहा पिऊन येतो. आणि सोमवारी नोंदवहीत त्याच प्रकारच्या दुसऱ्या एका औषधाची चाचणी दिसली, मुंबईतच, भरती चालू. हा दुसरा टप्पा आहे. डॉक्टरांनी फोन केला, पुढच्या मंगळवारी तपासणीला बोलावलं आहे. दादानेच हो म्हटलं. अट एकच घातली आहे, दर पंधरा दिवसांनी दोन रात्री घरी.

रोखठोक

ताई, मंगळवारी काय होतं ते नक्की लिहा. मी वाट बघतोय.

नागपूरची_डॉक्टर

जायच्या आदल्या दिवशी बिलिरुबिन मिरजेतच पुन्हा करून घ्या. थंडी वाजून ताप आला तर गाडीत बसू नका, थेट दवाखाना. स्टेंटवाल्यांनी त्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

ठाणेकर_बाबू

राहायची सोय झाली का? दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची सोय होते, पण गर्दी असते, आधी चौकशी करा.

मिरजेची_सुमेधा

बाबूदादा, पहिल्या रात्री आत्याकडे कुर्ल्याला. सोमवारी रात्रीची महालक्ष्मी आहे. रोखठोक, लिहीन नक्की.

शांतिवन

मी परळलाच असते. मंगळवारी माझी ड्यूटी दुपारी दोन वाजता आहे, सकाळी मोकळी आहे. दादांना काय चालतं खायला ते निरोपात कळवा, मऊ भात आणि ताक घेऊन येते.